फुप्फुसाचा कॅन्सर आणि घरातली लाज: कुंभारीच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न: आम्ही सोलापूरजवळ कुंभारीच्या वसाहतीत राहतो. वडील, म्हणजे अण्णा, ६१ वर्षांचे, यंत्रमागावर कामाला होते. पंधराव्या वर्षापासून विडी ओढायचे, सहा वर्षांपूर्वी सोडली. दोन महिन्यांपूर्वी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज. त्याआधी चार महिने टीबीच्या गोळ्या चालू होत्या. दोन केमो झाल्या, तिसऱ्याला यायला तयार नाहीत. "माझ्या हातानं केलंय, माझ्यावर पैसे घालवू नका" एवढंच म्हणतात आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. भेटायला येणारे काहीबाही बोलून जातात. आई पंचवीस वर्षं विड्या वळते. रिपोर्ट आल्या दिवशी तिनं विड्या वळायचं सूप माळ्यावर टाकलं, तेव्हापासून फारसं बोलत नाही. मीही दवाखान्यात रागाच्या भरात "तेव्हा ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती" असं अण्णांना बोलले. ते मला झोपू देत नाही. समुपदेशनानं काही होतं का? लोकांना काय सांगायचं? अण्णा दरवर्षी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, काठ्या (नंदीध्वज) बघायला जातात, यंदा नको म्हणतात. न्यावं का?

उत्तर: ताई, अण्णांच्या वाक्यापासूनच सुरुवात करू. गेली अठरा वर्षं मी सोलापुरात कॅन्सरच्या रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर झालेली माणसं मला विचारतात, "माझ्याच नशिबी का आलं हे?" फुप्फुसाचा कॅन्सर झालेली बरीच माणसं हा प्रश्न विचारतच नाहीत. उत्तर ठरलेलंच आहे, असं त्यांनी धरलेलं असतं. आणि एखाद्यानं तसं धरलं नसलं तरी भेटायला येणारे त्याला ते धरायला लावतात. आजाराचं नाव कानावर पडलं की दारातला माणूस जेवणखाण, झोप, दुखणं असलं काही विचारायच्या आधी विचारतो, "ओढत होते का?"

हा प्रश्न मीही विचारलेला आहे. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. हातात फॉर्म होता: नाव, वय, पत्ता, व्यसन. समोर मागावरचेच एक काका बसले होते. मी मान वर न करता विचारलं, "किती वर्षं ओढता?" त्यांचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला. खिसा रिकामा होता. "चाळीस," म्हणाले. त्यानंतर मी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मुलांचं विचारलं, प्रत्येक वेळी एकच उत्तर, "चाळीस वर्षं ओढल्यावर आणखी काय होणार?" पुढच्या तारखेला ते आले नाहीत. त्यांची बायको आली, म्हणाली, "ते म्हणतात, तिथं पण तेच विचारतात." ते काका मला आजही आठवतात. डॉक्टरांना ही माहिती उपचारासाठी लागतेच, ती विचारायलाच हवी. पण आता मी आधी माणसाची ओळख करून घेते, कशासाठी विचारतेय ते सांगते, आणि मग विचारते.

तुम्हाला मला मुख्य एकच गोष्ट सांगायची आहे. अण्णांना मिळणारी माया, वेळ आणि उपचार "ओढत होते की नव्हते" या उत्तरावर अवलंबून राहता कामा नये. ऐकायला हे सोपं वाटतं, पण घराघरात, आणि कधी कधी दवाखान्यातही, ते तसं अवलंबून असतं.

माझ्याकडे एक मावशी यायच्या. खोलीत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "मी कधी हातसुद्धा लावला नाही हो विडीला." नर्सला तेच, रिक्षावाल्याला तेच, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तेच. दाखला दाखवावा तसं. त्या खरंच सांगत होत्या. आयुष्यात धूम्रपान न केलेल्यांनाही हा आजार होतो, आपल्याकडच्या बायकांमध्ये तर असे रुग्ण बरेच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली बाहेरच्या दूषित हवेला कॅन्सरच्या ठरलेल्या कारणांमध्ये घातलं. अॅस्बेस्टॉस त्या यादीत कितीतरी आधीपासून आहे. चुलीतल्या लाकूडफाट्याच्या धुराकडेही संशयानं पाहिलं जातं. हे सगळं लोकांना सांगायलाच हवं, मी सांगतेही. पण कलंक पुसायला म्हणून एवढंच सांगत राहिलो, तर एक गोष्ट नकळत घडते. "हिला बिचारीला उगाच झालं" असं म्हटलं, की न बोलता "त्याला झालं ते बरोबरच झालं" असंही म्हटलं जातं. वॉर्डात या दोघांच्या खाटा शेजारी शेजारी असतात आणि दोघंही ते ऐकत असतात. २००४ साली ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ४५ रुग्णांच्या मुलाखतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओढणारे, केव्हाच सोडलेले, कधीच न ओढलेले, सगळ्यांनीच लोकांचा ठपका सोसला होता. म्हणजे न ओढल्याच्या दाखल्यानंही सुटका होत नाही. मग त्या दाखल्याच्या मागे कशाला लागायचं?

म्हणून अण्णांना "तुमची काहीच चूक नाही" असं म्हणू नका. त्यांना ते खोटं वाटेल, आणि एकदा खोटं वाटलं की पुढचं काही ऐकणार नाहीत. त्यांनी ओढली, ते त्यांना माहीत आहे.

त्यांच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या सोडवाव्या लागतात. एक पश्चात्ताप: "मी ओढायला नको होती." दुसरी लाज: "मी माणूसच वाया गेलेला, माझ्यावर कुणी काही खर्च करू नये." पश्चात्ताप माणसाला काहीतरी करायला लावतो. अण्णांनीही सहा वर्षांपूर्वी विडी सोडली, ती अशाच जाणिवेतून सोडली असेल. लाज मात्र माणसाला लपवते. तो चारचौघांत खोकला दाबतो, दुखलं तरी गोळी मागत नाही, डॉक्टरांना अर्धंच सांगतो, कट्ट्यावर जात नाही आणि शेवटी तारीख चुकवतो. औषधानं मिळणारा फायदा या लपण्यानं हातचा जातो.

आता समुपदेशनात नेमकं करतात काय? मी जे करते त्यातलं एक सांगते, म्हणजे अंदाज येईल. मी कागदावर एक भाकरी काढते. गोल, ताटाएवढी. आणि म्हणते, "काका, हा आजार तुमच्यापर्यंत आला, त्यात कुणाकुणाचा वाटा आहे ते आपण मांडू. तुमचा वाटा शेवटी काढायचा." सगळी युक्ती या शेवटच्या अटीत आहे. स्वतःचा वाटा आधी काढायला सांगितला तर माणूस सगळी भाकरी स्वतःपुढे ओढतो.

एकदा एका मागवाल्या मामांबरोबर हे करत होते. मी विचारलं, पहिली विडी कुणी दिली? म्हणाले, उस्तादानं. वय चौदा, रात्रपाळी, डोळा लागून धागा तुटत होता. उस्ताद म्हणाला, दोन झुरके मार, झोप उडते. मी एक वाटा काढला. मग खात्यातल्या, म्हणजे मागाच्या कारखान्यातल्या, हवेत उडणारी सुताची तूस, तोंडाला फडकंही नाही. आजारात तिचा हात किती हे मला सांगता येत नाही, पण त्यांना ती मांडायची होती, मांडली. मग निकोटिन. ते मेंदूला अशी चटक लावतं की वैद्यकशास्त्रात तंबाखूचं अवलंबित्व हा आजार म्हणूनच नोंदवतात. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायची सक्ती करणारा १९७५ चा कायदा सिगारेटपुरताच होता. विडी त्यात नव्हती. विडीसकट सगळ्या तंबाखूला लागू होणारा कायदा २००३ साली आला आणि पाकिटावर, बंडलावर चित्राचा इशारा आला तो ३१ मे २००९ पासून. मामांनी पहिली विडी पेटवली त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग पेन मागितलं आणि स्वतःचा वाटा स्वतःच काढला. लहान नव्हता, चांगला पाव भाकरीएवढा होता. म्हणाले, "एवढा माझा. एवढा मी घेतो."

त्यांचा वाटा पुसायचा मी प्रयत्न केला नाही. माणसाला स्वतःचा वाटा उचलू द्यावा, त्यात त्याचा मान असतो. पण सबंध भाकरी त्याच्या एकट्याच्या गळ्यात कुणी घालू नये. अण्णांचं गणितही फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही. एकसष्टचा माणूस पंधराव्या वर्षी ओढायला लागला म्हणजे साल साधारण १९८०. तुम्ही घरी हा कागद-पेनाचा प्रयोग करायला जाऊ नका, तो नीट बसून करायचा असतो. पण एखाद्या संध्याकाळी सहज विचारा, "अण्णा, पहिली विडी कुठं ओढली होती?" जाब विचारल्यासारखं नको, गोष्ट ऐकायला बसल्यासारखं विचारा. आणि मग गप्प राहून ऐका. मधे "बघा ना!" सुद्धा नको.

"पैसे घालवू नका" हे वाक्य मी वेगळं काढते, कारण ते फसवं असतं. कधी ते खरंच पैशाचं असतं, कधी लाजेनं पैशाचं सोंग घेतलेलं असतं. ओळखायचा एक प्रश्न आहे: "अण्णा, एक रुपया लागणार नसता तर तिसरी केमो घेतली असती का?" "घेतली असती" म्हणाले, तर पैशाच्या वाटा शोधा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा. रेल्वे आणि एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे, प्रत्येक वेळी मुंबईची गाडी पकडायची गरज नसते. आणि "तरी नसती घेतली" म्हणाले, तर पुढचा प्रश्न: "का?" उलट्या, थकवा, तोंड येणं यामुळे नको असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत. "माझी लायकी नाही" असा सूर असेल, तर तो निर्णय लाजेनं घेतलेला आहे, आणि लाजेनं घेतलेला निर्णय मी शेवटचा मानत नाही. मात्र लाज निवळल्यावर, सगळं समजून घेऊन, ते शांतपणे "आता केमो नको, घरी राहू द्या" म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे. मग आपण त्यांच्या बाजूनं उभं राहायचं. जाता जाता आणखी एक: गाठीच्या तुकड्यावर जनुकीय तपासणी झाली आहे का, हे कॅन्सरतज्ज्ञांना जरूर विचारा. काही रुग्णांमध्ये त्यावरून केमोऐवजी किंवा केमोबरोबर गोळ्या ठरतात. चौथ्या स्टेजला "आता काही अर्थ नाही" हे गृहीत धरण्याआधी एवढं झालेलं असावं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही जे बोललात ते वर्षानुवर्षं साचलेल्या भीतीतून आलं. पण ही गोष्ट तुम्ही मला पटवायची गरज नाही, आणि अण्णांपुढे तर मुळीच नको. "मी बोलले कारण मला तुमची काळजी" अशी माफी मागितली, की ती पुन्हा भाषणच होते. माफी लहान ठेवा. "अण्णा, त्या दिवशी दवाखान्यात मी बोलले ते बोलायला नको होतं. मला माफ करा." एवढंच. पायाशी बसून, त्यांचा हात हातात घेऊन बोलता आलं तर उत्तम. ते "असू दे" म्हणतील, किंवा भिंतीकडेच बघत राहतील. उत्तर मिळालंच पाहिजे असा हट्ट नको. तुमचा राग मात्र कुठंतरी निघायला हवा, कारण तो खोटा नाही. नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ किंवा माझ्यासारख्या कुणाजवळ तो मोकळा करा. सांभाळणारी माणसं स्वतःसाठी वेळ मागत नाहीत, आणि मग एक दिवस पुन्हा तोंडातून काहीतरी निघून जातं.

तुमच्या आईंचं मात्र मला जास्त लागलं. सगळे अण्णांभोवती आहेत. त्या स्वयंपाकघरात एकट्या आहेत. विडी कामगार बायकांच्या घरी मी कैक वेळा बसले आहे. भिजवलेल्या तेंदूपानाचा ओलसर वास, मांडीवर सूप, कात्रीनं फर्म्याच्या मापात पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक लपेट, वर दोरा. हजार विड्या भरल्या की दिवस भरला. अशाच एक अम्मा नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी नवऱ्याशी बोलत होते आणि त्यांचा हात पदराखाली सारखा हलत होता. नीट बघितलं तेव्हा कळलं: त्यांची बोटं विडी वळत होती. सुपाशिवाय, पानाशिवाय, नुसत्या हवेत. मी विचारलं, तेव्हा मराठी सोडून तेलुगूत रडल्या. मला येतं तेवढ्या तेलुगूत कळलं ते असं: "पोरांना शिकवलं या विडीवर, आणि नवऱ्यालाही ती विडीच नेतेय."

तुमच्या आईंनी सूप माळ्यावर टाकलं म्हणजे त्यांनी स्वतःवर खटला चालवून शिक्षाही सुनावली आहे. पहिली गोष्ट वस्तुस्थितीची. अण्णांच्या फुप्फुसाला झालेलं नुकसान मुख्यतः जळालेल्या तंबाखूच्या धुरानं, स्वतः ओढल्यानं झालं. घरात सूप होतं म्हणून नाही. सुपातली तंबाखूची भुकटी वळणाऱ्या बाईला खोकला, श्वासाचा त्रास, डोळ्यांची जळजळ देते. ती काळजी वेगळी आहे, आणि तीही खरी आहे. आईंना खोकला असेल तर त्यांची तपासणी याच फेरीत करून घ्या. दुसरी गोष्ट मानाची. ज्या कामानं हजारो बायकांनी या शहरात पोरं वाढवली, ज्या कामाच्या जोरावर भांडून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, ते काम करणारी बाई गुन्हेगार नसते. तिच्यापुढे दुसरं कुठलं काम कुणी ठेवलं होतं? हे त्यांना कुणीतरी तोंडानं सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर सर्वांत चांगलं: "आई, तुझ्या त्या सुपावर मी शिकले."

सूप पुन्हा खाली काढायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या; घर त्या मजुरीवर चालत असेल तर कदाचित काढावंही लागेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते अण्णांच्या खोलीत नको, दार-खिडकी उघडी असलेल्या जागी असावं. तोवर त्यांच्या हातांना काम द्या. रोजच्या गोळ्या वेळेप्रमाणे डबीत लावणं, अण्णांच्या तळपायाला तेल चोळणं. पंचवीस वर्षं सतत चालणारे हात एका दिवसात थांबले की मन त्या हातांना जाब विचारत बसतं.

नातेवाइकांचं थोडक्यात सांगते. कुणाला किती सांगायचं हे अण्णांनी ठरवायचं. त्यांना विचारल्याशिवाय कुणाला काही सांगू नका. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ताट-वाटी, टॉवेल, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. आधी टीबीचं औषध चालू होतं म्हणून शेजारी अजून लांबून बोलत असतील, तर टीबी नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि त्यांना एकदा तसं स्पष्ट सांगून टाका. केमोच्या दिवसांत जपायचं ते आपण अण्णांपासून नव्हे. आपला सर्दी-खोकला त्यांना होऊ नये म्हणून. आणि "ओढत होते का?" या प्रश्नाचं उत्तर घरात आधी तयार करून ठेवा, तोंडात बसेपर्यंत म्हणून बघा. मी रुग्णांकडून हे खरंच म्हणून घेते, समोर नातेवाईक बनून बसते. "हो, ओढत होते. सोडूनही सहा वर्षं झाली. आता उपचार चालू आहेत. तुमच्याकडे सगळे बरे ना?" आवाज न चढवता, न लपवता, आणि विषय तिथंच मिटवायचा. अण्णांच्या खोलीत जो कुणी व्यसनावर प्रवचन सुरू करील, त्याला चहाच्या निमित्तानं बाहेर आणायचं. ही जबाबदारी घरातल्या एकानं उचलायची. मोठ्या माणसाला थांबवणं अवघड जातं हे मला माहीत आहे, पण इथं भीड नको.

अण्णा अजून चोरून ओढत असतील अशी शंका आली, तर खिसे तपासू नका. "ओढावीशी वाटते का?" असं विचारा. आजार निघाल्यावरही सोडण्यानं फायदा होतो, औषधं चांगली सोसतात, श्वासाला आराम पडतो. हे त्यांच्या भल्याचं म्हणून सांगा, शिक्षा म्हणून नको. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे.

भिंतीकडे तोंड करून पडणं ही लाज आहे, थकवा आहे की नैराश्याचा आजार? हे ओळखणं माझ्या कामातलं सगळ्यांत नाजूक काम. भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही, हे सगळं कॅन्सर आणि केमोही करतात, त्यावरून ठरवू नका. बघायचं ते वेगळं. नातवंड समोर आलं तर चेहरा उजळतो का? आवडतं काही लावलं तर कान देतात का? "मी तुमच्यावर ओझं", "माझा काही उपयोग नाही" हे रोज येतं का? दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. नैराश्यावरची औषधं कॅन्सरच्या उपचारांबरोबर सांभाळून देता येतात, आणि काहींनी झोप-भूकही सुधारते. एक गोष्ट मात्र विसरू नका: वागण्यात अचानक फरक पडला, बोलण्यात गोंधळ, दिवसा सारखी गुंगी, विनाकारण चिडचिड, तर त्याला "मनाचं" म्हणून सोडून देऊ नका. या आजारात मेंदूपर्यंत गाठ जाणं, रक्तातलं सोडियम उतरणं, कॅल्शियम वाढणं, स्टेरॉइडचा परिणाम, यांनीही तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणि हे लिहिताना मला संकोच नाही: अण्णांना सरळ विचारा, "अण्णा, जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट, बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. "हो" म्हणाले तर एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा त्यांच्या हाताबाहेर ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

समुपदेशनानं काही होतं का, असं तुम्ही विचारलंत. गाठ लहान होत नाही, हे आधीच सांगते. पण २०१० साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी याच आजाराच्या पसरलेल्या अवस्थेतल्या १५१ रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर सुरुवातीपासूनच वेदना, श्वास, मन आणि घर यांची काळजी घेणारी पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटात नैराश्य कमी दिसलं, रोजचं जगणं बरं झालं, आणि ती माणसं सरासरीनं अधिकही जगली: साडेअकरा महिन्यांच्या आसपास, पहिल्या गटात नऊच्या आसपास. म्हणून कुणी "पॅलिएटिव्ह" म्हटलं की "म्हणजे संपलं" असं समजू नका. आत्ताच, केमो चालू असतानाच मागून घ्या. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक किंवा समुपदेशक कोण आहेत हे विचारा, फाइलवर त्यांचं नाव लिहून घ्या.

धाप लागते तेव्हाची एक युक्ती, कारण धापेतूनच घबराट वाढते आणि घबराटीतून धाप. टेबलावर उशी ठेवून पुढे रेलून बसवा, छोटा पंखा थेट चेहऱ्यावर सोडा, नाकानं श्वास घेऊन, गरम चहा निववताना घालतो तशी ओठ आवळून लांब फुंकर घालायला सांगा. तुम्हीही बरोबर तशीच घाला. रात्री दोन वाजता हे फार कामाला येतं. ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं किंवा धाप बसूनही उतरत नसेल, तर मात्र थेट दवाखाना.

राहिलं गड्ड्याचं. अण्णांना काठ्यांची ओढ आहे. नको म्हणतात ते लोकांच्या नजरेमुळे, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मग आधी तब्येतीचं बघू. तीन आठवड्यांनी केमो असेल तर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली असतात, गर्दी तेव्हा नकोच. संक्रांतीच्या आसपासची तारीख आणि केमोची तारीख समोरासमोर ठेवून डॉक्टरांना विचारा, दोन दिवस आधी रक्त तपासा. परवानगी मिळाली तर होम मैदानाच्या धुळीत आणि अक्षता सोहळ्याच्या रेट्यात नेऊ नका. काठ्यांच्या मिरवणुकीच्या वाटेवर कुणा ओळखीच्याचा ओटा किंवा वरचा सज्जा असेल, तिथं तासभर आधी रिक्षानं न्या. खुर्ची, मास्क, पाणी, पाठीला उशी. आणि त्याआधीच्या आठवड्यात कट्ट्यावरच्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याला, एकालाच, घरी बोलवा. मागावरचा, ज्याच्यासोबत विडी पेटवली असेल असा असला तरी चालेल, तोच बरा. खाट फिरवून दाराकडे तोंड येईल अशी लावा म्हणजे तो आत येताना अण्णांना दिसेल. त्यालाच विचारू द्या, "यंदा काठ्या कुठनं बघायच्या?"